तीनशे ग्रेन की अडीचशे?

हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूकवाल्यांनी १९१२ साली .३७५ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणलं. शंभरावर वर्षं उलटली, तरी मध्यम बोअरच्या रायफलींचा विषय निघाला की पहिलं नाव याचंच येतं. लहान बोअर हरणांसाठी, .४०० च्या वरचं हत्ती-रेड्यांसाठी, आणि .३३ ते .३७५ ही मधली पट्टी मोठ्या जनावरांच्या जवळपास सगळ्याच कामांना पुरणारी. उत्तर अमेरिकेत ही रायफल मूस, एल्क आणि तपकिरी अस्वलाच्या मुलखात खांद्यावर असते.

काडतुसाचे भाग चार: पितळी केस, प्रायमर, दारू आणि गोळी. बार झाल्यावर पितळ तेवढं शिल्लक राहतं. ते पुन्हा मापात आणायचं, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून भरायची आणि वर आपल्याला हवी ती गोळी बसवायची, याला तिथले शिकारी हँडलोड म्हणतात. पैसे वाचतात म्हणून सुरुवात करणारे पुष्कळ असतात. जे टिकतात ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी टिकतात: या रायफलीला, या जनावराला आणि या हवेला जुळणारं काडतूस दुकानात मिळेलच असं नाही, आपल्या टेबलावर ते तयार करता येतं.

पण 'जुळणारं' म्हणजे कोणतं, यावर दोन जाणत्या माणसांचंही एकमत होत नाही. असाच एक वाद मी जवळून ऐकला. एका बाजूला मामा. बालपण खडकीत, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्याच्या शेजारी गेलेलं, आणि पुढचं सारं आयुष्य कॅनडातल्या अल्बर्टात. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, तिथेच वाढलेली. अल्बर्टात मूसच्या परवान्यासाठी सोडत निघते आणि नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. या खेपेला भाचीचा नंबर लागला होता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. अल्बर्टातली गोष्ट वेगळी आहे. किती जनावरं मारू द्यायची हे तिथलं सरकार ठरवतं, आणि मारलेल्या मूसचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. शिकार करावी की नाही, हा प्रश्न या दोघांपुढे नव्हता. बार टाकायचाच, तर जनावर कमीत कमी वेळात मरायला हवं, एवढंच त्यांच्यापुढे होतं. काडतुसाची निवड इतकी मन लावून करायला माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

भाची: मामा, तुझी .३७५ रायफल मला हवी आहे. काडतुसं मात्र माझी मी भरणार.

मामा: का गं? माझ्या काडतुसांनी कधी दगा दिलाय? तीनशे ग्रेनची नॉस्लर पार्टिशन, सेकंदाला अडीच हजार फूट. मूस असो की एल्क, गोळी आत कुठवर जाईल याची मला कधी चिंता करावी लागली नाही.

भाची: दगा दिला नाही हे मान्य. पण अडीचशे ग्रेनची अख्खी तांब्याची गोळी याच नळीतून अठ्ठावीसशेने जाते. वेग जास्त, मार्ग सपाट, आणि शिसं अजिबात नाही.

मामा: वेगाच्या मागे लागून काय होतं ते जॉन नॉस्लरला विचारायला हवं होतं. १९४६ साल, आपल्या शेजारचं ब्रिटिश कोलंबिया. समोर मूस, अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. हातात .३०० मॅग्नम, चांगली वेगवान. गोळ्या लागत होत्या, पण वरच्या वरच फुटत होत्या, आत पोचतच नव्हत्या. घरी जाऊन त्या माणसाने अशी गोळी बनवली की जिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत आहे. पुढचं शिसं पसरतं, भिंतीमागचं शाबूत राहतं आणि आत घुसत जातं. १९४८ मध्ये त्याने कंपनी काढली ती याच गोळीवर.

भाची: मामा, ही गोष्ट तर माझ्या बाजूची आहे. त्याच्या गोळ्या फुटल्या त्या त्यांची घडण कच्ची होती म्हणून. त्याने वेग कमी केला नाही, गोळी बदलली.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मलाही वाटतं, या वादाची मेख इथेच आहे. अमेरिकेत हा वाद दोन लेखकांच्या नावाने ओळखला जातो, आणि योगायोगाने दोघेही आयडाहोत राहिले. सॅमन गावचा एल्मर कीथ मोठ्या बोअरचा आणि जड गोळीचा कैवारी. लुइस्टनचा जॅक ओकॉनर 'आउटडोअर लाइफ' या मासिकाचा बंदूक-संपादक, आणि १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरचा पुरस्कर्ता. त्याचं म्हणणं, हलकी वेगवान गोळी नेमक्या जागी बसली की पुरे. त्यांचे चाहते अजून भांडतात. पण ती भांडणं सुरू झाली तेव्हा जवळजवळ प्रत्येक शिकारी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात ओतलेलं शिसं होतं. हाडावर आपटली की ती किती फुटेल याचा नेम नसे. अशा गोळीच्या बाबतीत वजनाचाच काय तो भरवसा: निम्मी झडली तरी उरलेली आत जाईल इतकी ती जड असावी. कीथचा आग्रह त्या काळच्या मालाला धरून होता आणि त्या मालापुरता बरोबरही होता. माल बदलल्यावर तोच आग्रह जसाच्या तसा धरून ठेवायचा का, हे आता तपासायला हवं.

मामा: वजन तू सोडून देते आहेस. तीनशे ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. त्याच जाडीच्या गोळीत पन्नास ग्रेन कमी केलेस की लांबी कमी, आणि लांबी कमी की आत जाण्याची ताकद कमी.

भाची: शिशाच्या दोन गोळ्यांची तुलना करत असशील तर बरोबर. पण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची जेमतेम ९. त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी मुळातच लांब होते. शिवाय आत गेल्यावर काय उरतं ते बघ. पार्टिशनचा पुढचा भाग झडतो, झडावा म्हणूनच तो तसा केलाय. मागे साधारण दोन-तृतीयांश वजन राहतं, कधी थोडं जास्त. म्हणजे तुझे तीनशे आत दोनशे-सव्वादोनशे होतात. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुतेक सगळं वजन धरून ठेवते. निघताना तुझी जड असते, काम करताना माझी.

मामा: उमलली तर. मऊ शिसं कमी वेगालाही पसरतं. तांबं कडक. वेग पडला की ते तसंच आरपार जातं, बारीक भोक पाडून. आणि मूस पुढे दोन मैल चालत राहतो.

भाची: म्हणून तर मला अठ्ठावीसशे हवेत.

मामा: किती लांबून मारणार आहेस?

भाची: अडीचशे यार्डांच्या पुढे नाही. टेकायला काही नसेल तर दीडशेच्याही पुढे नाही.

मामा: मग कागद घे आणि मांड. दोनशे यार्डांवर नेम बांधलास तर तीनशेला माझी गोळी नऊ-दहा इंच खाली जाते, तुझी सात-साडेसात. फरक दोन-अडीच इंचांचा. मूसच्या फुप्फुसांची जागा दीड फूट भरते. आणि तू तर तीनशेला बारच टाकणार नाहीस. सपाट मार्ग घेऊन करायचंय काय?

भाचीने हे लगेच मान्य केलं. आकड्यांपुढे ती हट्ट धरत नाही. पण मामांचा मुद्दा अजून पुरा व्हायचा होता.

मामा: आता वेगाचं. अठ्ठावीसशे म्हणजे भरणीच्या पुस्तकातल्या कमाल आकड्याजवळ. तुझीच गोळी साडेसव्वीसशेने सोड. अडीचशे यार्डांवर किती राहतो?

भाची: एकवीसशेच्या वर.

मामा: उमलायला तेवढा पुरतो?

भाची: भरपूर.

मामा: मग वरचे दीडशे फूट कोणासाठी?

हा प्रश्न मला प्रत्येक हँडलोड करणाऱ्याला विचारावासा वाटतो. टेबलावर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ आला की आकडा चढवत नेण्याची ओढ लागते. दारूचा अर्धा ग्रेन वाढवला, वेग वाढला, पितळावर काही खूण नाही, आणखी अर्धा वाढवूया. .३७५ मॅग्नमसाठी अमेरिकन उद्योगाने ठरवलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. घरच्या टेबलावर हा दाब मोजायचं साधन नसतं. प्रायमर चपटा झाला का, बोल्ट जड उचलला जातो का, या खुणा दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. म्हणून छापील पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि रायफल जिथे नीट मारू लागते तिथे थांबायचं. ती जागा कमाल आकड्याच्या बरीच अलीकडे सापडली, तर तो लाभच आहे.

मामांनी यावर जुना दाखला काढला. १९०७ साली ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या दारूगोळ्याला हिंदुस्थानात बंदी केली, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांना .४६५, .४७० अशी नवी मापं काढावी लागली. बंदीचं कारण राजकीय होतं. पण त्या काडतुसांची अगडबंब लांबी आणि त्यांतला बेतास बात दाब यांमागे दुसरा विचार होता.

मामा: कॉर्डाइट नावाची दारू असायची. विलायतेच्या थंडीत भरलेलं काडतूस आपल्याकडे मे महिन्यात चांद्याच्या जंगलात गेलं की दाब वाढायचा आणि झाडलेली केस चेंबरमध्ये अडकून बसायची. समोर वाघ असताना दुसरा बार भरता येत नाही, याचा विचार कर. म्हणून केस मोठी ठेवली, दाब कमी ठेवला. आपली .३७५ बघ, केस किती निमुळती आहे. आत सहज जाते, बाहेर सहज येते. ज्यांनी ती आखली त्यांना ऊन ठाऊक होतं.

भाची: आपल्याला थंडी आहे.

मामा: म्हणजे उलटी अडचण. जुलैत तीस अंशाला काडतूस बांधणार आणि नोव्हेंबरात उणे वीसला झाडणार. काही दारू गारठल्या की वेग पडतो, आणि वेगाबरोबर गोळीची जागाही सरकते.

भाची: त्यासाठी हॉजडनच्या दारूंची एक्स्ट्रीम मालिका आहे. व्हार्गेट, एच ४३५०. ऑस्ट्रेलियात मलवालाला बनतात. तापमानाने त्यांच्यात फारसा फरक पडत नाही.

मामा: डब्यावर लिहिलंय म्हणून मानू नकोस. थंडी पडली की झाडून बघ.

मग दोघे तळघरातल्या टेबलाशी गेले. मामांनी एकेक झाडलेली केस हातात घेतली. त्यांच्याकडे एक पातळ तार आहे, टोक काटकोनात वाकवून कानशीने टोकदार केलेलं. ती केसच्या तोंडातून आत घालायची आणि आतल्या भिंतीवरून हळूहळू वर ओढायची. या मॅग्नम काडतुसाच्या बुडाशी पितळेचा उंच पट्टा असतो. त्याच्या जरा वर भिंत पातळ झाली असेल तर तारेचं टोक तिथे खटकन अडतं. बाहेरून पाहिलं तर त्याच जागी उजळ कडं दिसतं. तशी केस पुढच्या बाराला दुभंगू शकते. कारण सोपं आहे. काडतूस चेंबरमध्ये पट्ट्यावर अडतं आणि पुढे केसच्या खांद्यापाशी मोकळी जागा राहते. प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं आणि प्रत्येक वेळी केस मापात आणणारी डाय ते पुन्हा मागे ढकलते. मामा डाय पूर्ण खाली आणत नाहीत. खांदा अगदी थोडा, बोल्ट बिनअडथळा बंद होईल इतकाच मागे जाऊ देतात. त्यामुळे एकच केस कितीतरी वेळा चालते. शिकारीला न्यायचं प्रत्येक काडतूस मात्र ते आधी रायफलीत घालून बोल्ट बंद करून पाहतात. बर्फात उभं राहिल्यावर बोल्ट अडला, तर घरी साधलेल्या अचूकपणाचा काही उपयोग नाही, हे त्यांचं म्हणणं भाचीने एका शब्दानेही खोडलं नाही.

नेमाच्या बाबतीत मात्र पुन्हा ठिणगी पडली.

भाची: माझ्या भरणीने शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचाच्या आत पडल्या.

मामा: तीन गोळ्यांवर काही ठरत नाही. दहा झाड, मग बोल. आणि सलग दहा नकोत. मूसला तू तापलेल्या नळीची चौथी गोळी मारणार नाहीस, थंड नळीची पहिली मारणार आहेस. रोज सकाळी एकच बार टाक आणि कागद तोच ठेव. आठवडाभराने जो गट दिसेल तो तुझा खरा गट.

भाची: तो दोन इंचांचा निघाला तर?

मामा: तर दोन इंचांची रायफल आहे असं समजून रानात जा. मूसला तेवढी पुरते.

शिशाचा विषय भाचीने शेवटी काढला. मला वाटतं, तिच्या मनात तो सुरुवातीपासून पहिला होता.

भाची: मामा, हे मांस वर्षभर आमच्या घरात शिजणार. माझं पोर तीन वर्षांचं आहे. २००८ साली नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले, आणि आरोग्य खात्याने तो खिमा टाकून द्यायला सांगितला. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण चालतं, असं आज कुठला डॉक्टर म्हणत नाही.

मामा: जखमेच्या भोवतालचं मांस आपण कापून टाकतोच की.

भाची: क्ष-किरणांत दिसतं ते. डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांबही गेलेले असतात. आणि आपण जे कापून टाकतो, आतडी टाकतो, ते कोण खातं? गरुड, कावळे. कॅलिफोर्नियात काँडर गिधाडं १९८२ साली बावीस उरली होती. १९८७ मध्ये शेवटचं रानातलं पाखरू पकडून पिंजऱ्यात ठेवलं, तेव्हा कुठे वंश टिकला. पुन्हा सोडलेली पाखरंही शिशानेच मरतात. म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. आपल्याकडे कायदा नाही, म्हणून मला कळत नाही असं थोडंच आहे?

मामा: हे मला आधी सांगितलं असतंस, तर वेगावर इतका वेळ घालवलाच नसता.

मामांनी खरंच इथे हात टेकले, आणि नुसते तोंडदेखले नव्हेत. तांब्यावर ते राजी झाले. अस्वलाची एक शंका तेवढी उरली होती. मूस पडला की ग्रिझली वासावर येऊ शकतं. अल्बर्टात ग्रिझलीची शिकार २००६ पासून बंद आहे, पण जिवावर बेतलं तर हातात असलेल्या रायफलीचाच आधार. तेव्हा तरी जड गोळी हवी, असं मामांना वाटत होतं. भाचीने बेलचं नाव घेतलं: डब्ल्यू. डी. एम. बेल, ज्याने .२७५ रिग्बीसारख्या लहान बोअरने शेकडो हत्ती मारले. मामा म्हणाले, बेलच्या गोळ्या न पसरणाऱ्या, भरीव होत्या, तो थेट मेंदूवर मारायचा, आणि त्याच्याइतका सराव आपल्यापैकी कोणाचा नाही. दोघांचंही खरं आहे. बेलची गोळी पोचली ती घडणीमुळे, आणि हत्ती पडला तो हातामुळे. बोअरचा आकडा दोन्हींच्या नंतरचा. अस्वलासाठी वेगळी गोळी मॅगझिनमध्ये वर ठेवली तर नेमकी उलटापालट होते आणि मूसला भलतंच काडतूस जातं, असा माझा कौल मी दिला, आणि तेवढ्यापुरतं दोघांनी ऐकलं.

भाची: म्हणजे अडीचशे ग्रेनची तांब्याची, साडेसव्वीसशेच्या आसपास.

मामा: दोनशे सत्तर ग्रेनचीही एक डबी आण. तीही झाडून बघू. लांब गोळी केसमधली दारूची जागा खाते, त्यामुळे वेग थोडा उतरेल. पण रायफलीला काय आवडतं ते रायफल सांगेल. आणि गोळी बसवल्यावर चार काडतुसं मॅगझिनमध्ये घालून वरची झाड, खालच्यांची लांबी पुन्हा मोज. या रायफलीचा धक्का मोठा आहे. केसची पकड सैल असली की मॅगझिनमधल्या गोळ्या आत ढकलल्या जातात.

भाची: माझ्या गोळीला खाचा आहेत. खाचेवर केसचं तोंड दाबून हलका क्रिम्प देते.

मामा: दे, पण सगळ्यांना सारखा.

भाची: आणि तुझ्या पार्टिशनच्या उरलेल्या काडतुसांनी मी काठीवर टेकून, गुडघ्यावर बसून सराव करते. तांब्याच्या महाग पडतात.

मामा: नको. दोन्हींची जागा कागदावर वेगळी पडणार, आणि हात चुकीच्या गोळीला सवकेल. सराव ज्या गोळीने, शिकारही त्याच गोळीने. पैशाचं मी बघतो. तू गोळ्या आणि दारू एकदमच मागव, आणि दारूच्या दोन्ही डब्यांवर लॉट नंबर एकच असेल हे दुकानात उभी राहून बघून घे. नंबर वेगळा निघाला तर दुसरा डबा उघडताना पुन्हा खालून सुरुवात.